मूल घर सोडून जातं तेव्हा

चौदा-पंधरा वर्षांचं मूल घरातून निघून गेलंय हे बहुतेक घरांत संध्याकाळी उशिरा लक्षात येतं. क्लास साडेसातला सुटतो, आठ वाजून जातात, फोन बंद लागतो. आई मैत्रिणीच्या घरी विचारून बघते, वडील गाडी काढून नेहमीच्या ठिकाणी चक्कर मारून येतात. मग कुणाला तरी सुचतं आणि कपाट उघडलं जातं. दोन ड्रेस नाहीत, डब्यातले पैसे नाहीत, चार्जर जागेवर नाही. तिथून पुढे घरात दोन मतं पडतात. एक म्हणतं, आत्ताच्या आत्ता पोलिसांत चला. दुसरं म्हणतं, सकाळपर्यंत थांबू, उगाच चार लोकांत बभ्रा नको.

थांबू नये, हे या प्रकरणाचं पहिलं सांगणं. दुसरं सांगणं अधिक महत्त्वाचं आहे: मूल शोधणं आणि मूल परत येणं ही दोन वेगळी कामं आहेत. शोधायला पोलीस आहेत, रेल्वे आहे, हेल्पलाइन आहे. परत येण्याजोगं घर मात्र आईवडिलांनाच उभं करावं लागतं, आणि ते काम मूल सापडायच्या आधी, पहिल्याच रात्री सुरू होतं.

पोलीस ठाण्यात

चोवीस तास उलटल्याशिवाय तक्रार घेत नाहीत, ही समजूत घराघरांत पक्की बसलेली आहे. कायद्यात तसं काहीही नाही. 'बचपन बचाओ आंदोलन' या संस्थेच्या याचिकेवर १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की मूल बेपत्ता झाल्याची तक्रार आली की पोलिसांनी गुन्हा नोंदवून तपास सुरू करायचा. दुसरं काही सिद्ध होईपर्यंत ते अपहरण किंवा तस्करीचंच प्रकरण मानायचं. म्हणून अठरा वर्षांखालच्या मुलाची नुसती 'मिसिंग' नोंदवून भागत नाही. अपहरणाचा गुन्हा दाखल होतो. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ३६३ खाली होत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १३७ लागू झालं आहे.

'अज्ञात इसमाने फूस लावून पळवून नेले' हे फिर्यादीतलं वाक्य वाचून पालक बिचकतात. पोरगी स्वतःहून गेली, मग अपहरण कसलं, असं त्यांना वाटतं. पण याच नोंदीमुळे तपास अधिकारी नेमला जातो, मोबाईलचं लोकेशन आणि कॉलची यादी मागवता येते, दुसऱ्या जिल्ह्यांना कळवता येतं. स्वतःहून निघालेलं मूलसुद्धा स्टँडवर पोहोचेपर्यंत कुणाच्याही तावडीत सापडू शकतं. तेव्हा या शब्दांना घाबरून तक्रार सौम्य करू नका.

हद्दीचा वाद घालून कुणी परत पाठवत असेल, तर 'झीरो एफआयआर' नोंदवायला सांगा. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवून मग हद्दीच्या ठाण्याकडे पाठवण्याची तरतूद कायद्यातच आहे. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. जाताना अलीकडचा फोटो, जन्मदाखला किंवा शाळेचं बोनाफाईड, आधार क्रमांक, अंगावरचे कपडे आणि शरीरावरच्या खुणा यांचा तपशील सोबत न्या. फोटो सणावारी काढलेला, नटूनथटून नको; रोजच्या कपड्यांतला, रोजच्या चेहऱ्याचा द्या. चष्मा असेल तर चष्म्यासकट.

पोलिसांना सगळं सांगा, यात भांडणही आलं. काल रात्री कानाखाली मारली होती, मोबाईल काढून घेतला होता, सहामाहीचा निकाल लागला होता, एका मुलाशी बोलू नको म्हणून दम दिला होता, हे लपवल्याने तपास भलतीकडे जातो. मुलाने निरोपाची भाषा असलेली चिठ्ठी ठेवली असेल, लाडक्या वस्तू कुणाला देऊन टाकल्या असतील, मरणाचं काही बोललं असेल, तर ते सगळ्यात आधी सांगा. तशा वेळी प्रत्येक मिनिट मोलाचं असतं. पोलीस येईपर्यंत गच्ची, विहीर, शेततळं, रेल्वे रूळ या बाजूला माणसं पाठवा.

सोबत १०९८ वरही फोन करा. मुलांसाठीची ही हेल्पलाइन जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने १९९६ मध्ये मुंबईत, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. २०२३ पासून ती सरकारच्या महिला व बालविकास यंत्रणेकडे आली असून पोलिसांच्या ११२ या क्रमांकाशी जोडली गेली आहे. हा नंबर मुलांना शाळेतही सांगितलेला असतो. घर सोडलेलं मूल स्वतःही तो फिरवू शकतं.

घरातला शोध

पोलीस बाहेर शोधत असताना घरात करण्यासारखं बरंच असतं. वही-पुस्तकं चाळा, मागच्या पानांवर नंबर आणि नावं सापडतात. घरातल्या कॉम्प्युटरवर किंवा जुन्या मोबाईलवर मुलाचं खातं उघडं असेल तर ते बंद करू नका, पासवर्ड बदलू नका. लोकेशन, गाडीच्या तिकिटाचा मेसेज, शेवटचं बोलणं तिथेच मिळण्याची शक्यता असते. रागाच्या भरात काही पालक सिमकार्ड बंद करून टाकतात. त्याने मुलाचा घराशी असलेला शेवटचा धागाही तुटतो आणि पोलिसांच्या हातातलं साधनही जातं. उलट त्या नंबरला रिचार्ज मारून ठेवा.

मित्रमैत्रिणींकडे वडील, काका आणि दोन दांडगे शेजारी असा घोळका नेऊ नका. मुलं एकमेकांची गुपितं फोडत नाहीत, घाबरली तर अजिबातच नाहीत. आईने किंवा एखाद्या मावशीने एकटीने जावं आणि एवढंच म्हणावं: "तो कुठे आहे ते सांगायचं नसेल तर नको सांगूस. त्याला निरोप दे, की घरी कुणी रागावलेलं नाही. आणि तो बरा आहे का, तेवढं आम्हाला कळव." बऱ्याचदा मूल गावातच, एखाद्या मित्राच्या खोलीवर असतं आणि हा निरोप अर्ध्या तासात पोहोचतो.

रस्त्यावरच्या दुकानांचं, सोसायटीचं, स्टँडचं सीसीटीव्ही फुटेज काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. त्यामुळे दुसऱ्याच दिवशी दुकानदारांना ते जपून ठेवायची विनंती करा आणि कुठे कुठे कॅमेरे आहेत त्याची यादी तपास अधिकाऱ्याला द्या.

व्हॉट्सॲपवर फोटो फिरवायचा असेल तर खाली स्वतःचा नव्हे, पोलीस ठाण्याचा नंबर द्या. घरचा नंबर गावभर झाला की 'तुमची मुलगी आमच्याकडे आहे, आधी पैसे पाठवा' असे खोटे फोन येऊ लागतात आणि हवालदिल झालेली माणसं पैसे पाठवतातही. भगत, देवऋषी आणि अंगारे-धुपारे यांनीही याच काळात घराला गाठलेलं असतं. 'मूल उत्तरेला आहे' असं कुणी सांगितलं म्हणून माणसं उत्तरेला धाडण्यात गेलेला दिवस परत मिळत नाही. फिरवायच्या फोटोखाली मुलाच्या स्वभावाबद्दल, भांडणाबद्दल, कुणासोबत गेल्याच्या संशयाबद्दल एक अक्षरही लिहू नका. तो मजकूर मूल स्वतः वाचणार आहे, आणि नंतर त्याच्या वर्गातली मुलंही.

स्टेशनवर काय घडतं

मराठवाडा, खानदेश, विदर्भातून निघालेल्या मुलाला मुंबई-पुण्याच्या गाडीत जनरल डब्यात शिरायला काहीच लागत नाही. कल्याण, दादर, सीएसएमटी, लोकमान्य टिळक टर्मिनस इथे अशी मुलं उतरतात. काही शिर्डीसारख्या ठिकाणी जातात, कारण तिथे गर्दीत कुणी विचारत नाही आणि प्रसादालयात पोट भरतं. कुणी ऑनलाइन ओळख झालेल्या माणसाच्या शहरात जातं. यातला शेवटचा प्रकार सर्वांत धोक्याचा. म्हणून मुलाच्या चॅटमध्ये कुठल्या अनोळखी शहराचा उल्लेख असेल तर तो पोलिसांना लगेच कळवा.

मोठ्या स्थानकांवर एकटं फिरणारं मूल रेल्वे सुरक्षा दलाच्या नजरेस पडतं. या दलाचा 'नन्हे फरिश्ते' नावाचा उपक्रम अशाच मुलांसाठी आहे. गाडी ठाऊक असेल तर रेल्वेच्या १३९ या क्रमांकावर गाडीचं नाव, मुलाचं वर्णन आणि कपड्यांचा रंग सांगा. पुढच्या स्थानकावर शोध घेता येतो. स्थानकांवर काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थाही आहेत. ठाणे-मुंबई भागातली समतोल फाउंडेशन त्यांपैकी एक. सापडलेल्या मुलाला तसंच गाडीत बसवून घरी धाडण्याऐवजी ती मुलांना काही काळ मनपरिवर्तन शिबिरात ठेवते, त्यांच्याशी बोलते, मग पालकांच्या हवाली करते. त्यामागचं कारण साधं आहे. ज्या गोष्टीवरून मूल निघालं ती तशीच राहिली, तर ते पुन्हा निघतं, आणि दुसऱ्या खेपेला त्याला रस्ता माहीत असतो.

फोन आला तर

पूर्वी मराठी वर्तमानपत्रांत मुलाच्या फोटोखाली छोटी जाहिरात यायची. जिथे असशील तिथून निघून ये, आईने अंथरूण धरलं आहे, तुला कुणी रागावणार नाही. यातलं शेवटचं वाक्य सोन्यासारखं आहे. आईच्या आजारपणाचं खरं नसेल, तर ते मात्र आज कुणी वापरू नये. आजीला ॲटॅक आलाय असं खोटं सांगून मूल येईलही. पण दारात ठणठणीत आजी दिसली की त्याचा घरावरचा उरलासुरला विश्वास जातो.

पहिला फोन बहुतेकदा अनोळखी नंबरवरून येतो आणि पलीकडून कुणी बोलत नाही. आईने तेव्हा रडू नये, असं सांगणं क्रूरपणाचं होईल. रडू आलं तर येऊ द्या, पण शब्द आधी ठरवून ठेवा. "बरं झालं फोन केलास. जेवलास का? बरा आहेस ना? कुठे आहेस ते आत्ता नाही सांगितलंस तरी चालेल." एवढं झाल्यावर थांबा आणि ऐका. "आमच्या तोंडाला काळं फासलंस" हे वाक्य ओठांवर येईल, ते गिळा. "नवीन मोबाईल घेऊन देतो, ये" हेही नको, कारण मोबाईल मिळाल्यावर मूळ प्रश्न तसाच राहील. मूल वडिलांच्या भीतीने पळालं असेल, तर फोन वडिलांनी हिसकावून घेऊ नये. मुलाला ज्याच्याशी बोलायचं आहे त्याच्याशीच बोलू द्या, मग ती आत्या असो, थोरली बहीण असो नाहीतर शाळेतल्या बाई असोत. बोलणं संपल्यावर तो नंबर आणि वेळ तपास अधिकाऱ्याला द्या.

मुलाला पाठ असलेला घरातला नंबर त्या दिवसांत सतत चालू आणि मोकळा ठेवा. घराला कुलूप लावून सगळेच शोधायला बाहेर पडू नका. मध्यरात्री दाराशी येऊन, कुलूप पाहून परत फिरलेलं मूल पुन्हा कधी येईल याचा भरवसा नसतो.

सापडल्यावर

मूल सापडलं की पालकांना ते त्याच क्षणी हवं असतं. त्याऐवजी त्यांना बालकल्याण समितीचं नाव सांगितलं जातं आणि 'माझंच मूल मला का देत नाही' म्हणून संताप होतो. चोवीस तासांची मुदत कायद्यात खरोखर आहे ती इथे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार सापडलेल्या मुलाला, प्रवासाचा वेळ सोडून, चोवीस तासांच्या आत समितीपुढे हजर करावं लागतं. समिती मुलाशी बोलते, घरची चौकशी करवते, गरज वाटली तर काही दिवस बालगृहात ठेवते आणि मग ताबा देते. लोक सर्रास 'रिमांड होममध्ये टाकलं' असं म्हणतात आणि मुलाच्या कपाळी गुन्हेगाराचा शिक्का बसतो. कायद्याने तो मारलेला नाही. घर सोडून गेलेलं मूल हे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक, असंच कायदा सांगतो.

समितीपुढे मूल म्हणालं, की मला घरी जायचं नाही, तर आईवडिलांच्या पायाखालची जमीन सरकते. तरीही त्याला तिथे बोलू द्या. नातेवाइकाचा घाणेरडा स्पर्श, दारू पिऊन रोजची मारहाण, ठरवलेलं लग्न अशा गोष्टी मूल घरात बोलू शकलं नसेल म्हणूनच तिथवर पोहोचलेलं असतं. त्याला बाहेर उभं करून पढवू नका.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गुंता येतो. सतरा वर्षांची मुलगी आवडत्या मुलासोबत गेली असेल, तरी २०१२ च्या पॉक्सो कायद्यापुढे तिच्या संमतीला अर्थ नाही. शरीरसंबंध आला असेल तर गुन्हा नोंदवला जातो, तिची वैद्यकीय तपासणी स्त्री डॉक्टरकडून आणि विश्वासातल्या माणसाच्या समोर होते, दंडाधिकाऱ्यांपुढे जबाब होतो. या सगळ्यात आईने तिच्या शेजारी बसावं. त्या मुलाला अडकवायचं म्हणून जबाबात तिखटमीठ लावायला तिला भाग पाडू नका. ती खोटं बोलली तरी आयुष्यभर तिचं तिलाच टोचेल, खरं बोलली तर घराविरुद्ध गेली असं तुम्ही म्हणाल. या कात्रीत स्वतःच्या मुलीला धरू नये.

सगळ्यात कळवळून सांगावंसं वाटतं ते असं, की परत आलेल्या मुलीची शाळा बंद करून महिनाभरात लग्न उरकू नका. आपल्याकडे हे अब्रूच्या नावाखाली होतं. अठरा वर्षांखालच्या मुलीचं लग्न लावणं २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि गावात ते रोखण्याची जबाबदारी ग्रामसेवकावर दिलेली आहे. काही मुली तर अशा ठरलेल्या लग्नातूनच पळालेल्या असतात. तिला परत आणून त्याच मांडवात उभं करणं म्हणजे तिचा शोध घेतलाच नाही असं म्हणणं आहे.

पहिली रात्र आणि पुढचे महिने

मूल घरी आलं त्या रात्री त्याला अंघोळ, जेवण आणि झोप एवढंच द्या. का गेलास, कुठे होतास, पैसे कुठून आणलेस, हे प्रश्न उद्यावर टाका. अंगावर जखम दिसली किंवा काही वाईट घडल्याचा संशय असेल तर डॉक्टरांकडे जरूर न्या. त्याशिवाय चौकशी नको. भावंडांनाही आधीच सांगून ठेवा, की टोमणा मारायचा नाही. भेटायला येणाऱ्या नातेवाइकांना दारातच थांबवण्यासाठी एक वाक्य तयार ठेवा: "तो घरी आहे, बरा आहे, बाकी नंतर बोलू." फिरवलेले फोटो सगळ्या ग्रुपमधून काढायला सांगा. सापडलेल्या मुलाची ओळख जाहीर करू नये, असं कायदाही सांगतो.

पंडित भीमसेन जोशींची गोष्ट इथे आठवावी अशी आहे. गदगला लहान असताना ते बँड आणि भजनी मंडळांच्या मागे भान हरपून जायचे आणि दमून कुठेतरी झोपी जायचे. शोधून थकलेल्या वडिलांनी, गुरुराज जोशी मास्तरांनी, मुलाच्या सदऱ्यांवर 'जोशी मास्तरांचा मुलगा' असं लिहून ठेवलं. १९३३ मध्ये अकरा वर्षांचे भीमसेन गाण्याच्या गुरूच्या शोधात घरातून निघाले आणि पुढची सुमारे तीन वर्षं ग्वाल्हेर, दिल्ली, कोलकाता, रामपूर असे भटकले. अखेर वडिलांनी त्यांना जालंधरला गाठून घरी आणलं. त्यानंतर घराजवळच, कुंदगोळला, सवाई गंधर्वांकडे त्यांची तालीम सुरू झाली. पळून गेलं की मूल मोठं होतं, असा अर्थ यातून कुणी काढू नये. फलाटावर उतरलेल्या असंख्य मुलांच्या वाट्याला उपास, मारहाण, व्यसन आणि शोषण आलेलं आहे. शिकण्यासारखं आहे ते वडिलांचं वागणं. मुलाला घरी आणलं आणि ज्या गोष्टीसाठी ते गेलं होतं तिला घराच्या जवळ जागा झाली.

प्रत्येक मुलाच्या जाण्यामागे सवाई गंधर्व नसतात. नापास होण्याची भीती असते, तुलना असते, वर्गातली छळवणूक असते, प्रेम असतं, कधी नुसतं मुंबई पाहायचं असतं. आठवडाभराने, चालताना किंवा गाडीवर सोबत जाताना, म्हणजे समोरासमोर डोळ्याला डोळा न देता, बोलणं सोपं जातं. "तू गेलीस त्या दिवशी घरात सगळ्यात असह्य काय झालं होतं?" हा प्रश्न 'का गेलीस' यापेक्षा बरा, कारण त्यात आरोप नाही. उत्तर ऐकताना खुलासा करू नका. मग त्यातली एक गोष्ट, एकच, बदलून दाखवा. गणिताचा क्लास बदला, मारणं कायमचं बंद करा, त्या काकांचं घरी येणं थांबवा. वर्गशिक्षकांना आधी भेटून शाळेत परतण्याचा दिवस ठरवा, म्हणजे वर्गात पहिल्या तासाला तिचा पंचनामा होणार नाही.

मूल बोलतच नसेल, झोपत नसेल, दचकून उठत असेल किंवा पुन्हा जाण्याची भाषा करत असेल, तर समुपदेशकाची मदत घ्या. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. तो पालकांसाठीही आहे. त्या रात्रींनी आईवडीलही आतून हललेले असतात. दाराची कडी वाजली तरी छातीत धस्स होतं, मूल बाथरूममध्ये जास्त वेळ राहिलं तरी हाका सुरू होतात. ही भीती मुलावर पहारा ठेवून जात नाही, कुणाशी तरी बोलून जाते.

आणि एक करार करा. राग अनावर झाला, घरात एक मिनिटही थांबवेना, तर कुठे जायचं हे दोघांनी मिळून ठरवा. मामाचं घर, आत्याचं घर, शेजारच्या काकू, जिथे मूल बिनदिक्कत जाऊ शकेल आणि तिथली माणसं 'तो इथे आहे' एवढाच मेसेज करतील, उलटतपासणी घेणार नाहीत. तुम्ही कबूल करा, की तो तिथे असेल त्या रात्री आम्ही आणायला येणार नाही. मुलाने कबूल करावं, की त्या घरापलीकडे जाणार नाही. पहिल्यांदा मूल खरंच मामाकडे गेलं, तर पालकांना हरल्यासारखं वाटेल. तसं मानू नका. रात्री अकराला स्टेशनकडे जाऊ शकणारं मूल मामाच्या दारात गेलं, कारण या वेळी त्याने तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला. तो शब्द पाळा.